कम्युनिटी कॉलेजात चित्रकला आणि अकॅडमिक इंग्रजी : आधी काय घ्यावे?

रंकाळा_काठ

नमस्कार. मी मूळची कोल्हापूरची. शिक्षण मराठी माध्यमात झाले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा शाळेत असतानाच दिल्या होत्या आणि बारावीनंतर जी. डी. आर्ट हा पेंटिंगचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला. पतीच्या नोकरीमुळे तीन वर्षांपूर्वी आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला आलो. माझा व्हिसा एच-४, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या कुटुंबीयांना मिळणारा, आहे. मुलगी आता शाळेत जाऊ लागल्यामुळे सकाळचे चार-पाच तास मोकळे मिळतात आणि बंद पडलेला अभ्यास पुन्हा सुरू करावा असे मनाने घेतले आहे. जवळच्या कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून, आधी असोसिएट पदवी आणि जमल्यास पुढे विद्यापीठात बदली घेऊन कलेची पदवी, असा विचार आहे.

अडचण इंग्रजीची आहे. दुकानात, दवाखान्यात, मुलीच्या शिक्षिकेशी बोलताना माझे काही अडत नाही. परंतु कलेतिहासाच्या एका वर्गाचा आराखडा वाचला, त्यात तीन विश्लेषणात्मक निबंध आणि एक संशोधनपर निबंध लिहावा लागेल असे होते, आणि ते वाचून माझा धीर सुटला. पदविकेच्या काळात मी लिहिले ते एवढेच, की चित्राखाली माध्यम आणि आकार, आणि परीक्षेत भारतीय कलेच्या इतिहासाची पाठ केलेली उत्तरे. काही ओळखीच्या मंडळींचे म्हणणे असे, की आधी वर्ष-दीड वर्ष फक्त इंग्रजी करावे आणि मग चित्रकलेकडे वळावे. काहींच्या मते इंग्रजीच्या नादी न लागता सरळ स्टुडिओचे वर्ग घ्यावेत. माझ्या पदविकेला तिथे काही किंमत मिळते का, आणि मराठी माध्यमातून आलेल्या कोणी हा मार्ग प्रत्यक्ष चालून पाहिला आहे का, हे जाणून घ्यायचे आहे.

पाटी_पेन्सिल

ताई, मी हा मार्ग चालले आहे. माझेही शिक्षण मराठी माध्यमातले आणि माझाही व्हिसा एच-४ होता, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पहिली गोष्ट पैशांची, कारण पुढचे बरेच निर्णय तिच्यावर ठरतात. एच-४ वर शिकण्यास कोणतीही आडकाठी नाही, त्यासाठी विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागत नाही आणि एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांप्रमाणे दर सत्राला किमान १२ युनिट्स (श्रेयांक) घेण्याचे बंधनही आपल्यावर नसते. शिवाय एफ-१ वाल्यांना मिळत नाही ते राज्याच्या रहिवाशाचे शुल्क आपल्याला मिळू शकते. सत्र सुरू होण्यापूर्वी एक वर्ष आणि एक दिवस तुम्ही कॅलिफोर्नियात राहत होता आणि इथेच राहण्याचा तुमचा इरादा आहे, हे वाहन परवाना, राज्याचे करविवरण, घराचा भाडेकरार अशा कागदांवरून दाखवावे लागते. तुम्हाला तीन वर्षे झाली आहेत, तेव्हा कागद आजच गोळा करायला घ्या. रहिवाशाचे शुल्क २०१२ पासून युनिटमागे ४६ डॉलर आहे, म्हणजे तीन युनिट्सचा वर्ग १३८ डॉलर आणि वर किरकोळ फिया. बाहेरच्यांना याच्या कित्येक पट द्यावे लागतात. अर्ज भरताना घाईत चुकीच्या रकान्यावर खूण केली तर ते निस्तरण्यात अख्खे सत्र निघून जाते. केंद्र सरकारची आर्थिक मदत मात्र एच-४ वर मिळत नाही.

आता इंग्रजी. 'आधी वर्षभर इंग्रजी' हा सल्ला देणारी मंडळी बहुधा जुन्या काळी शिकलेली असावीत. पूर्वी प्रवेशाच्या वेळी परीक्षा घेत आणि तिच्या गुणांवर विद्यार्थ्याला मूलभूत इंग्रजीच्या एकाखाली एक पायऱ्यांवर बसवत. त्या पायऱ्या चढता चढता पुष्कळ जण कॉलेजच सोडून देत. २०१७ मध्ये राज्याने कायदा करून ती पद्धत मोडीत काढली. अमेरिकेत हायस्कूल केलेल्यांना आता तिथल्या गुणांवरून थेट पदवीच्या पातळीच्या इंग्रजीत बसवतात आणि आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांना सहसा मार्गदर्शित स्वनिर्णय करायचा असतो. तुम्हाला नमुन्याचे उतारे आणि लेखनाची कामे दाखवतात, त्यांतले काय झेपेल हे तुम्ही प्रामाणिकपणे सांगायचे, आणि त्यावरून ईएसएल म्हणजे इतर भाषिकांसाठीचे इंग्रजी घ्यावे की सरळ मुख्य वर्ग घ्यावा याची शिफारस मिळते. त्या मुख्य वर्गाचा क्रमांक २०२५ च्या शरद सत्रापासून राज्यातल्या सर्व ११६ कॉलेजांत एकच झाला आहे, इंग्लिश सी १०००, आणि त्याचे नावच मुळी 'अकॅडमिक रीडिंग अँड रायटिंग' असे आहे. यापुढे एका कॉलेजात तो केला आणि घर बदलले तरी दुसऱ्या कॉलेजात पुन्हा समजावत बसावे लागणार नाही.

माझे मत विचाराल तर पहिल्या सत्रात ईएसएलचा वरच्या पातळीचा लेखनाचा एक वर्ग आणि त्याच्याच जोडीला ड्रॉइंगचा एक वर्ग घ्या. ड्रॉइंगच्या वर्गात तुमचा हात बोलतो, त्यामुळे आठवड्यातले सहा तास तरी आपण मूर्ख नाही ही खात्री पटत राहते, आणि इंग्रजीच्या वर्गातले लाल शेरे सोसायला ती फार उपयोगी पडते. मी पहिले पूर्ण वर्ष फक्त इंग्रजी केले होते. वर्षाच्या शेवटी इंग्रजी बरे झाले होते, पण आपण चित्रकार आहोत हेच मी विसरून गेले होते.

पदविकेबद्दल अपेक्षा माफक ठेवा. परदेशी गुणपत्रकांचे मूल्यांकन करणाऱ्या मान्यताप्राप्त संस्थेकडून अहवाल करून घ्यावा लागतो आणि त्यातून काही युनिट्स पदरात पडतातही, परंतु इंग्रजी लेखनाची सूट तिथून सहसा मिळत नाही. त्याहून उपयोगाची आणि कोणी आपण होऊन सांगत नाही अशी एक गोष्ट आहे. पेंटिंगच्या वर्गाला ड्रॉइंगची पूर्वअट असेल तर ती अट तुम्ही आधीच पूर्ण केली आहे असा दावा करणारा अर्ज देता येतो. सोबत पदविकेचे गुणपत्रक आणि दहा-पंधरा चांगल्या कामांची छायाचित्रे जोडायची. मला ज्या समुपदेशकाने पहिल्यांदा सल्ला दिला त्याने या अर्जाचा उल्लेखही केला नाही, आणि पाच वर्षे कोळसा घासून आलेल्या मी पुन्हा घन, गोल आणि शंकू काढत एक सत्र घालवले.

जाता जाता एक सांगते. डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजे क्वार्टर म्हणजे तिमाही पद्धतीची आहेत, त्यांचे सत्र जेमतेम बारा आठवड्यांचे असते आणि तिसऱ्या आठवड्यात पहिला निबंध दारात उभा राहतो. तुमच्या फ्रीमाँटचे ओलोनी कॉलेज सेमिस्टर म्हणजे सहामाही पद्धतीचे आहे. इंग्रजी लेखनाला ज्यांना वेळ लागतो त्यांना सेमिस्टर मानवते.

शाईचा_डाग

मी एका कॉलेजच्या लेखन केंद्रात शिकवणी करतो आणि कलेतिहासाचे निबंध घेऊन येणारे बरेच विद्यार्थी माझ्या टेबलाशी बसतात. वरच्या प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र मूळ भीतीविषयी थोडे वेगळे सांगायचे आहे. रंकाळाताई, तुम्हाला वाटते की शब्द कमी पडतील. माझा अनुभव असा, की मराठी माध्यमातून आलेल्यांचे शब्दांवाचून फारसे अडत नाही. अडते ते आपण शाळेत रसग्रहण लिहायला शिकलो म्हणून.

रसग्रहण कसे लिहितो ते आठवून पाहा. आरंभी कवीची थोरवी, मग कवितेचा आशय, मग सौंदर्यस्थळे, आणि शेवटी आपल्या मनावर उमटलेला ठसा. वाचकाने आपल्याबरोबर हळूहळू रसात उतरावे, ही त्यामागची अपेक्षा असते आणि ती मुळीच चुकीची नाही. पण इथल्या प्राध्यापकाला पहिल्याच परिच्छेदाच्या शेवटी तुमचा दावा हवा असतो. दावा म्हणजे ज्याच्याशी एखादा शहाणा माणूस असहमत होऊ शकेल असे विधान. 'हे शिल्प अत्यंत भावपूर्ण आहे' हा दावा नव्हे, कारण त्यावर कोणी भांडणारच नाही.

एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ, म्हणजे तुम्हाला जाऊन पाहताही येईल. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारात फ्रेंच शिल्पकार रोदँचे 'बर्गर्स ऑफ कॅले' हे शिल्प आहे. १३४७ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने फ्रान्समधल्या कॅले शहराचा वेढा जिंकला, तेव्हा शहर वाचावे म्हणून सहा नागरिक गळ्यात दोर अडकवून, किल्ल्या घेऊन मरण पत्करायला बाहेर पडले, ही त्यामागची कथा. कॅलेमध्ये हा समूह एकत्र उभा आहे, तर स्टॅनफर्डमध्ये त्यांतल्या आकृती सुट्या, थेट जमिनीवर, एकमेकींपासून अंतर राखून उभ्या केल्या आहेत आणि माणसे त्यांच्यामधून चालत जातात. आपला विद्यार्थी लिहितो, की रोदँ हा थोर शिल्पकार होता, या शिल्पात त्याग आणि वेदना यांचे अप्रतिम दर्शन घडते आणि पाहणारा अंतर्मुख होतो. यातले एकही वाक्य खोटे नाही, पण हे सगळे शिल्प न पाहताही लिहिता आले असते. प्राध्यापक समासात लिहितो, 'कुठे?'

आता त्याच विद्यार्थ्याला मी सांगतो, की वीस मिनिटे उभे राहून फक्त दिसते ते मराठीत लिहून आण. तो लिहून आणतो, की हात आणि पाय शरीराच्या मानाने मोठे आहेत, अंगावरचे वस्त्र जड आहे आणि त्याच्या घड्या सरळ खाली ओढल्यासारख्या पडतात, एकाचीही नजर दुसऱ्याकडे वळलेली नाही, चौथरा नसल्यामुळे त्यांचे डोळे आपल्या डोळ्यांच्या जवळपास येतात. यातून दावा आपोआप तयार होतो. सहाही जण एकाच मरणाकडे निघाले आहेत, तरी रोदँने प्रत्येकाला आपापल्या भीतीत एकटे ठेवले आहे, आणि सुट्या मांडणीमुळे तो एकटेपणा पाहणाऱ्यालाही चिकटतो. याच्याशी कोणी असहमत होऊ शकतो. सुटी मांडणी मूळ कल्पनेला मारक आहे, समूहाचा धीर त्यात हरवतो, असेही कोणी म्हणेल. रोदँला स्वतःला शिल्प खाली, लोकांच्या पातळीवर हवे होते आणि १८९५ मध्ये कॅलेत ते त्याच्या मनाविरुद्ध उंच चौथऱ्यावर बसवले गेले, ही माहिती मग त्या वादात पुराव्यासारखी वापरता येते. नुसती आरंभी चिकटवली तर ती पाठ केलेल्या उत्तरासारखी निर्जीव राहते.

तुमच्याजवळ पाहण्याची सवय आहे. पाच वर्षे स्थिरचित्रे काढलेल्या माणसाला घडीची दिशा दिसते, जी इतर विद्यार्थ्यांना दाखवून द्यावी लागते. तेव्हा विश्लेषणाचे निम्मे काम तुमचे झालेले आहे. राहिलेले निम्मे म्हणजे क्रम बदलणे, आणि तो मराठीतच बदलता येतो. मी तर सांगतो, की पहिले दोन निबंध मराठीत मुद्दे मांडून मगच इंग्रजीत लिहा. मात्र मराठी परिच्छेद यंत्राकडून भाषांतरित करून तसाच देऊ नका. एक तर बऱ्याच प्राध्यापकांच्या नियमात ते बसत नाही, त्यामुळे वर्गाच्या आराखड्यात त्याविषयी काय लिहिले आहे ते आधी वाचावे. दुसरे असे, की यंत्र आपले रसग्रहण जसेच्या तसे गुळगुळीत इंग्रजीत उतरवते आणि 'कुठे?' हा शेरा पुन्हा येतो तो येतोच.

व्याकरणात आपली माणसे दोन ठिकाणी हमखास घसरतात. मराठीत 'द' आणि 'अ' नाहीत, त्यामुळे ती उपपदे एक तर गळतात किंवा सगळीकडे पेरली जातात. आणि चित्रात काय आहे हे सांगताना इंग्रजीत वर्तमानकाळ लागतो, चित्रकाराने काय केले हे सांगताना भूतकाळ. एवढे दोन सांभाळले तरी निबंध एक इयत्ता वर चढतो.

जुना_कुंचला

मी थोडा विरोधी सूर लावतो. निवृत्तीनंतर मी सहा वर्षे अशाच एका कॉलेजात जलरंग आणि मुद्राचित्रण शिकलो, पदवीच्या फंदात पडलो नाही. पदवी कशासाठी हवी आहे ते आधी ठरवावे. पुढे विद्यापीठात बदली घ्यायची असेल तर इंग्रजी चुकत नाहीच, कारण कॅलिफोर्निया विद्यापीठाला इंग्रजी लेखनाचे दोन वर्ग लागतात आणि शिवाय गणित आणि भाषणकला यांचीही वाट तुडवावी लागते. केवळ हात चालू राहावा अशी इच्छा असेल तर हा सगळा डोंगर कशाला चढायचा? श्रेयांक नसलेले ईएसएलचे वर्ग कम्युनिटी कॉलेजांत विनाशुल्क असतात. ते करावेत, सोबत एखादा स्टुडिओ वर्ग घ्यावा आणि आनंदात राहावे.

पण स्टुडिओ वर्ग घेताना एक हिशेब ठेवावा. एकच जलरंगाचा वर्ग दर वर्षी पुन्हा पुन्हा घेण्याची मुभा पूर्वी होती, ती आता नाही. एका प्रकारच्या वर्गांचा गट धरतात आणि त्या गटात एकूण चार वेळाच नाव नोंदवता येते. आमच्या वर्गातल्या आजीबाईंची या नियमाने फार पंचाईत झाली. तुम्ही तरुण आहात, चार संधी आहेत, त्या विचारपूर्वक खर्च करा.

आणि कम्युनिटी कॉलेजची कला म्हणजे दुय्यम, असा समज कोणी करून दिला असेल तर तो मनातून काढून टाका. केकची आणि पायची चित्रे काढणारा वेन थीबो १९५० च्या दशकात सॅक्रामेंटोच्या कम्युनिटी कॉलेजातच शिकवत होता.

रंकाळा_काठ

सर्वांचे मनापासून आभार. 'कुठे?' हा शेरा माझ्या वहीत मी आताच मोठ्या अक्षरात लिहून ठेवला आहे. जुना_कुंचला काका, पदवी हवी आहे, कारण पुढे शाळेत चित्रकला शिकवण्याची इच्छा आहे, त्यामुळे डोंगर चढावा लागेल.

आणखी दोन शंका आहेत. एक म्हणजे वर्गात प्रत्येकाचे काम भिंतीवर लावून चर्चा करतात त्याची मला धास्ती वाटते. कोल्हापुरात सर येत, चित्रावर दोन रेघा मारून चूक दाखवत आणि पुढे जात, आम्ही बोलायचा प्रश्नच नसे. दुसरे असे, की संशोधनपर निबंध कोल्हापूरचे चित्रकार अबालाल रहिमान यांच्यावर लिहावा असे मनात आहे. त्यांची रंकाळ्याची आणि कोटितीर्थाची निसर्गचित्रे पाहून मी या क्षेत्रात आले. पण त्यांच्यावरचे बहुतेक लेखन मराठीत आहे. ते चालेल का?

पाटी_पेन्सिल

भिंतीवरच्या त्या चर्चेला सगळे 'क्रिट' म्हणतात. पहिल्या क्रिटमध्ये मी एक शब्द बोलले नाही आणि सहभागाचे गुण गेले. नंतर एक युक्ती सापडली. दुसऱ्याच्या कामाबद्दल 'छान आहे' न म्हणता, माझी नजर आधी कुठे गेली आणि मग कुठे, एवढेच सांगायचे. हे सांगायला तीन-चार साधी वाक्ये पुरतात, ती घरी म्हणून पाहता येतात, आणि ज्याचे चित्र असते त्याला तेच ऐकायचे असते. स्वतःच्या चित्राबद्दल बोलताना 'माझे काही नीट जमलेले नाही' ही आपली नम्रतेची सुरुवात मात्र करू नका. आपल्याकडे तो विनय असतो. इथे प्राध्यापक ती तक्रार शब्दशः घेतात आणि पुढची दहा मिनिटे काय जमले नाही यावरच चर्चा चालते.

काही शब्दही बदलून घ्यावे लागतील. आपण ज्याला 'टोन' म्हणत होतो त्याला इथे 'व्हॅल्यू' म्हणतात. पोस्टर कलर मागितले तर मुलांचे रंग हातात पडतील, कॉलेजात त्या जागी गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, वापरतात. पाव इम्पीरियल, अर्धा इम्पीरियल ही कागदाची मापे विसरा, सगळे इंचांत, ड्रॉइंगला बहुधा १८ बाय २४. आणि खोडायच्या वस्तूला 'रबर' म्हणू नका, 'इरेझर' म्हणा. हे मी का सांगते आहे ते विचारू नका.

शाईचा_डाग

मराठी संदर्भ चालतात, पण प्राध्यापकाला पहिल्याच महिन्यात, त्यांच्या कार्यालयीन वेळेत भेटून विचारून घ्या. काही वर्गांत किमान तीन-चार अभ्यासपूर्ण इंग्रजी संदर्भ मागतात, आणि ते न मिळाल्यामुळे शेवटच्या आठवड्यात विषय बदलावा लागला तर फार हाल होतात. इंग्रजीच्या वर्गात संदर्भ नोंदवण्याची एमएलए पद्धत वापरतात. तिच्यात मराठी पुस्तकाचे नाव रोमन लिपीत देऊन पुढे चौकोनी कंसात त्याचे इंग्रजी भाषांतर द्यायचे असते. मराठीतला उतारा उद्धृत केलात तर भाषांतर तुमचे स्वतःचे आहे हेही नोंदवायचे. कलेतिहासाच्या वर्गात पुष्कळदा शिकागो पद्धत सांगतात, म्हणजे तळटीपा. दोन्ही वर्ग एकाच सत्रात घेतलेत तर वह्या वेगळ्या ठेवा, माझ्याकडे येणारी निम्मी मुले त्यांची सरमिसळ करून येतात.

इंग्रजी संदर्भ खरोखरच अपुरे पडले तर विषय थोडा वळवता येतो. चित्रकार वासुदेव गायतोंडे घेतलेत तर सामग्रीची अडचण येणार नाही. नागपूरला जन्म, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून १९४८ मध्ये पदविका, १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यू यॉर्क, आणि २०१४-१५ मध्ये तिथल्याच गुगेनहाइम संग्रहालयात स्वतंत्र प्रदर्शन, त्यामुळे इंग्रजीत अभ्यासपूर्ण लेखन झालेले आहे. पण माझा आग्रह नाही. प्राध्यापकाने परवानगी दिली तर अबालालच घ्या, कारण रंकाळ्यावरचे पाणी आणि उजेड तुम्ही स्वतः तिथे बसून रंगवलेला आहे, आणि ते वर्गातल्या दुसऱ्या कोणाला लिहिता येणार नाही. ग्रंथालयाच्या माहितीकोशात शोधताना नाव 'रहिमान' आणि 'रहमान' अशा दोन्ही स्पेलिंगने टाका, इंग्रजी लेखनात ते एकसारखे लिहिलेले आढळत नाही. निबंधात मात्र एकच रूप शेवटपर्यंत ठेवा.